नियम ब्रसेल्समध्ये ठरतात, मग आपल्या देशातल्या खासदाराला मत कशासाठी द्यायचं?

तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही सिन्नरचे, यूपीएससीची तयारी करताय, मामांची निफाडला द्राक्षबाग आहे, आणि युरोपियन युनियन (तिचं मुख्य केंद्र ब्रसेल्स) वाचताना तुम्हाला प्रश्न पडलाय की तिथल्या देशांतले इतके नियम जर वरूनच येत असतील तर लोकांनी आपापल्या देशात निवडणूक लढवून, मत देऊन उपयोग काय, आणि परीक्षेत सरळ 'डेमोक्रॅटिक डेफिसिट' (लोकशाहीची तूट) लिहून मोकळं व्हायचं का. शेवटी असंही विचारलंय की आपल्याकडे यातलं काही लागू होतं का.

मी नाशिकला कॉलेजात पॉलिटिकल सायन्स शिकवतो, 24 वर्षं झाली, आणि त्यातली बरीच वर्षं तुलनात्मक राजकारणाचा पेपर माझ्याकडेच आहे. शिवाय पिंपळगावजवळ घरची द्राक्षं आहेत, ती भाऊ बघतो. त्यामुळे हा विषय मी पुस्तकातून जितका शिकलो तितकाच पॅकहाउसमध्ये उभं राहून शिकलो, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी प्रश्न थोडा सरळ करून घेऊ. तुम्ही विचारताय की सत्ता देशातून ब्रसेल्सला गेली का. गेली, काही विषयांत पूर्ण गेली. पण माझ्या मते खरा प्रश्न तो नाही. खरा प्रश्न असा की सत्ता वर जाताना देशाच्या आत कोणाच्या हातातून सुटली आणि कोणाच्या हातात पडली. कारण ब्रसेल्सच्या टेबलावर देशातर्फे बसतो तो मंत्री, खासदार नाही. जो कायदा आधी संसदेत चर्चा होऊन, दुरुस्त्या होऊन, विरोधकांची भाषणं होऊन व्हायचा तो आता बऱ्याच अंशी 27 सदस्यदेशांचे मंत्री आणि त्यांचे अधिकारी मिळून ठरवतात, आणि संसदेला बऱ्याचदा तयार झालेली गोष्ट हातात मिळते. म्हणजे देश विरुद्ध ब्रसेल्स असं जे चित्र आपण काढतो त्याच्या खाली दुसरं भांडण आहे, संसद विरुद्ध स्वतःचंच सरकार. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता हे कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगतो, कारण सरसकट उत्तर चुकीचं ठरेल. एक तर विषय कोणता. व्यापार, कस्टम्स, स्पर्धेचे नियम, युरो वापरणाऱ्या देशांचं चलनधोरण, हे पूर्ण वरचं. शाळा, दवाखाने, पेन्शन बहुतांशी देशाचंच. करांच्या बाबतीत सगळ्यांची संमती लागते, म्हणजे एक देश अडला तरी अडलं. दुसरं म्हणजे त्या देशाच्या संसदेला मंत्र्याला धरून ठेवायची सवय आहे का. आणि तिसरं, हे पुस्तकात कमी लिहितात, तो देश पैसे देणारा आहे की घेणारा.

मला स्वतःला हे कळलं 2010 च्या सीझनमध्ये. तुमच्या मामांना विचारा, त्यांना नक्की आठवेल. त्या वर्षी आपल्या द्राक्षांत सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपात कंटेनर अडकले. खरड छाटणीनंतर वाढ आटोक्यात ठेवायला सगळेच ते वापरायचे, आणि पुढे मण्यात त्याचे अंश तपासले जातील असं बागायतदाराच्या ध्यानीमनी नव्हतं. आमचाही माल होता त्यात. भाऊ रात्री पॅकहाउसच्या ओट्यावर रिपोर्टचा कागद घेऊन बसलेला, आकड्यावर बोट ठेवून तेच तेच वाचतोय. त्यानं तिकडच्या इम्पोर्टरला फोनवर विचारलं की तुमच्या कृषिमंत्र्याला भेटून काही मार्ग निघेल का, आम्ही इथून शिष्टमंडळ पाठवू. तो माणूस नेदरलँड्सचा, वर्षानुवर्षं आमच्याशी व्यवहार केलेला, शांतपणे म्हणाला, "आमच्या मंत्र्याच्याही हातात नाही ते."

मी तेव्हा वर्गात युरोपियन युनियन शिकवत होतो आणि तरी हे वाक्य ऐकून गप्प झालो. एका सार्वभौम देशाचा मंत्री, लोकांनी निवडून दिलेला, आणि द्राक्षावर किती औषधाचा अंश चालेल हे त्याला एकट्याला बदलता येत नाही. सप्टेंबर 2008 पर्यंत बऱ्याच औषधांच्या बाबतीत प्रत्येक देशाची आपली यादी होती, जर्मनीची वेगळी, नेदरलँड्सची वेगळी. त्यानंतर सगळ्या युनियनला एकच यादी लागू झाली आणि ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला सरसकट किलोला 0.01 मिलिग्रॅम.

ही मर्यादा ठरते कशी ते नीट बघा, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे. इटलीत पार्मा शहरात युनियनची अन्नसुरक्षा संस्था आहे, ती शास्त्रीय मत देते. त्यावरून कमिशन, म्हणजे युनियनचं कार्यकारी मंडळ, मसुदा करतं. मग प्रत्येक देशाच्या प्रतिनिधींची एक स्थायी समिती असते, त्यात बसतात अधिकारी, ते मत देतात. युरोपियन पार्लमेंटला आक्षेप घ्यायचा हक्क आहे. कागदावर सगळं शिस्तीत आहे, प्रत्येक पायरीवर कोणीतरी जबाबदार आहे. पण नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराच्या शहरातल्या एखाद्या नागरिकाला हा निर्णय पटला नाही तर पुढच्या निवडणुकीत त्यानं नेमकं कोणाला पाडायचं? ते सांगता येत नाही. मला विचाराल तर प्रतिनिधित्वाला धक्का बसतो तो इथे.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही मी घरीच बघितलीय. एक यादी झाल्यामुळे आम्हाला एका रिपोर्टवर 27 देश उघडले. आणि तिकडच्या काही सुपरमार्केटवाल्यांनी आपापल्या मर्यादा लावल्यात, सरकारी मर्यादेपेक्षाही कडक, त्या ठरवताना ना कुठली संसद होती ना कुठली समिती. म्हणजे सार्वजनिक संस्थेनं वर बसून नियम केले नाहीत तर निर्णय खालच्या संसदेकडे परत येतो असं समजू नका, तो बरेचदा बाजाराकडे जातो, आणि बाजाराला मत देता येत नाही. युरोच्या आधीचं उदाहरण घ्या, जर्मनीची मध्यवर्ती बँक, बुंडेसबँक, व्याजदर ठरवायची आणि फ्रान्सला, बाकीच्यांना आपलं चलन सांभाळायला मागोमाग जावं लागायचं, त्या टेबलावर त्यांना खुर्चीच नव्हती. आता फ्रँकफर्टला युरोपियन सेंट्रल बँकेत खुर्ची तरी आहे. नॉर्वेचं बघा, लोकांनी 1972 ला आणि 1994 ला सार्वमतात सदस्यत्व नाकारलं, पण युनियनची एकत्र बाजारपेठ (सिंगल मार्केट) हवी म्हणून त्यांचे नियम घेतात, आणि ते नियम ठरताना मत नाही. बाहेर राहून सार्वभौमत्व टिकतं असं सरळ गणित नाही हे.

वर्गात मी दरवर्षी एक खेळ घेतो, तो सांगतो. साठ-पासष्ट मुलं असतात. 27 चिठ्ठ्या टाकतो, ज्याला जो देश येईल तो त्या देशाचा मंत्री, आणि उरलेली मुलं पाच-सहा देशांच्या संसदा बनून कॉरिडॉरमध्ये उभी. विषय एका बुरशीनाशकावर बंदी घालायची का. मतांचा नियम खराखुरा, किमान 15 देश आणि एकूण लोकसंख्येच्या 65 टक्के. (जर्मनीची लोकसंख्या साडेआठ कोटींच्या आत आहे, आपल्या महाराष्ट्रापेक्षा कमी, हे सांगितलं की मुलं दचकतात.) पहिल्या फेरीत दार बंद, मंत्री आपापसात ठरवतात. दहा-पंधरा मिनिटांत सौदा होतो. मग मंत्री बाहेर येऊन आपल्या संसदेला सांगतात, आणि दरवर्षी न चुकता तेच वाक्य ऐकू येतं, "मी खूप भांडलो, बाकीच्यांनी ऐकलं नाही." काही खरंच भांडलेले असतात, काहींनी तोंडही उघडलेलं नसतं, आणि कॉरिडॉरमधल्या मुलांकडे हे तपासायचा कुठलाच मार्ग नाही. खऱ्या कौन्सिलमध्ये (युनियनच्या देशांच्या मंत्र्यांची बैठक) लिस्बन या युनियनच्या करारानंतर, म्हणजे डिसेंबर 2009 पासून, कायद्यावरची चर्चा आणि मतदान उघडपणे होतं, पण त्याआधीची अधिकाऱ्यांची कार्यगटांची बोलणी बंद दारातच असतात आणि बरंचसं तिथेच ठरून येतं.

दुसऱ्या फेरीत मी नियम बदलतो. आत जायच्या आधी मंत्र्यानं संसदेकडून मँडेट, म्हणजे काय भूमिका घ्यायची याची मंजुरी, घ्यायचं, आणि ते मोडायची वेळ आली तर बाहेर येऊन परत विचारायचं. मागे एक पेठची मुलगी होती, वर्गात कधी बोलायची नाही, तिला डेन्मार्क आलं. ती तीन वेळा बाहेर आली. दरवेळी कॉरिडॉरमधल्या पाच जणांशी वाद घालून, वहीत लिहून परत आत गेली. त्या फेरीला पाऊण तास लागला, बाकीचे मंत्री वैतागले, पण शेवटी तिच्या संसदेतल्या प्रत्येक मुलाला सांगता येत होतं की आपण काय सोडलं, काय मिळवलं आणि का.

डेन्मार्क हे नाव मी खेळात मुद्दाम ठेवतो, कारण तिथे खरंच असं चालतं. लोकसंख्येनं तो देश साधारण आपल्या नाशिक जिल्ह्याएवढा, साठ लाखांच्या आसपास. 1973 ला ते युरोपियन समुदायात गेले तेव्हापासून त्यांच्या संसदेची युरोपविषयक समिती आहे, आणि महत्त्वाच्या विषयावर ब्रसेल्सला जाण्याआधी मंत्र्यानं त्या समितीसमोर येऊन आपली भूमिका सांगायची, समितीत बहुमत विरोधात गेलं तर ती भूमिका घेऊन जाता येत नाही. नियम सगळ्या युनियनला तेच लागू, टेबल तेच, पण तिथल्या खासदाराचा आवाज इतर कितीतरी देशांतल्या खासदारांपेक्षा जास्त पोचतो. म्हणून म्हणतो, वरच्या संस्थेला दोष देण्याआधी खालच्या संसदेनं स्वतःसाठी काय मागितलं ते बघावं.

जर्मनीत हे काम कोर्टानं केलं. लिस्बन करार घटनेत बसतो, पण त्यासोबतचा देशांतर्गत कायदा संसदेला पुरेसा अधिकार देत नाही, तो आधी सुधारा, असं त्यांच्या घटना न्यायालयानं 30 जून 2009 ला सांगितलं आणि तसा कायदा करावा लागला. पुढे युरोच्या संकटात कर्जाच्या पॅकेजवर बुंडेस्टागला, म्हणजे जर्मन संसदेला, मत मिळालं ते याच विचारातून.

आता ते पैसे देणारा-घेणारा जे म्हटलं त्याकडे येतो. जुलै 2015. ग्रीसमध्ये 5 तारखेला सार्वमत झालं, कर्ज देणाऱ्यांच्या अटींना 61 टक्क्यांवर लोक नाही म्हणाले. 13 तारखेच्या सकाळी युरो देशांच्या नेत्यांच्या रात्रभराच्या बैठकीनंतर ग्रीसच्या सरकारनं नव्या अटी मान्य केल्या, आणि पहिले कायदे 15 तारखेपर्यंत संसदेत पास करायचे असं ठरलं. म्हणजे दोन-तीन दिवस. ग्रीसच्या खासदारांनी ते रात्री उशिरा पास केले. मग 17 तारखेला बर्लिनमध्ये बुंडेस्टागनं नव्या कर्जाच्या बोलण्यांना परवानगी द्यायची का यावर मत दिलं. एकाच आठवड्यात दोन संसदा, दोन्ही लोकांनी निवडलेल्या. एकीच्या होकाराची सगळा युरोप वाट बघत होता आणि दुसरीला नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. जर्मन करदात्याचाही यात हक्क होता हे मी मान्य करतो, पैसा त्याचाही होता. पण ग्रीसच्या मतदाराच्या जागी उभं राहून बघा. जानेवारीत सरकार बदललं, जुलैत सार्वमत दिलं, आणि धोरण तेच राहिलं. हा भाग शिकवताना मला अजूनही त्रास होतो.

याचा पक्षांवर परिणाम होतो आणि तो सावकाश होतो म्हणून दिसत नाही. युरो घेतला की व्याजदर गेला, चलनाचा दर गेला, तूट जीडीपीच्या 3 टक्के आणि कर्ज 60 टक्के अशी मर्यादा आली. मग डावा पक्ष आणि उजवा पक्ष प्रचारात वेगळं बोलतात आणि सत्तेत आल्यावर साधारण एकाच पट्ट्यात फिरतात. मतदाराला हे दोन-तीन निवडणुकांत कळतं. मग त्याला धोरणाला विरोध करायला जागा सापडत नाही, तेव्हा तो व्यवस्थेलाच विरोध करणाऱ्याकडे जातो. युनियन सोडा, युरो सोडा म्हणणारे पक्ष वाढले त्यामागे बाकीची कारणंही आहेत, स्थलांतर आहे, नोकऱ्या आहेत, पण हे एक कारण नक्की आहे.

युरोपियन पार्लमेंट आहे ना मग, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि 1979 पासून थेट निवडणूक होते, आणि तिचे अधिकार दर करारात वाढलेत, आता बहुतेक कायद्यांत ती कौन्सिलच्या बरोबरीची आहे. पण स्वतःहून कायद्याचा प्रस्ताव मांडता येत नाही, तो कमिशनचा हक्क. जागा 720, जर्मनीला 96, माल्टाला 6, म्हणजे माल्टातल्या एका मताचं वजन जर्मनीतल्या मताच्या कितीतरी पट. लहान देश बुडू नयेत म्हणून मुद्दाम तसं ठेवलंय, ते मला पटतं, पण एक माणूस एक मत या तत्त्वाशी ते जुळत नाही हेही खरं. मतदान 1979 ला 62 टक्क्यांच्या आसपास होतं, 2014 ला 43 च्या खाली गेलं, 2019 आणि 2024 ला पन्नासच्या थोडं वर. आणि प्रचार होतो तो बहुतेक देशातल्याच मुद्द्यांवर, आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मुंबई-दिल्लीचे हिशोब चुकते होतात ना, तसं.

ब्रिटनचं एका परिच्छेदात. जून 2016 ला 51.9 टक्क्यांनी बाहेर पडायचा कौल, आणि मुख्य मुद्दा हाच की आमचे कायदे आमच्या संसदेनं करावेत. पण बाहेर पडायची नोटीस संसदेला न विचारता सरकारच देणार होतं, शेवटी सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2017 ला सांगितलं की संसदेचा कायदा लागेल. आणि 2018 च्या कायद्यात युरोपियन नियम देशाच्या कायद्यात बसवताना ते बदलायचे मोठे अधिकार मंत्र्यांना दिले. म्हणजे ब्रसेल्समधून परत आलेली सत्तासुद्धा आधी मंत्र्याच्याच टेबलावर आली. माझा पहिला मुद्दा इथे उलट्या बाजूनंही दिसतो.

तर आत्तापर्यंतचं थोडक्यात, म्हणजे उत्तर लिहिताना सोपं जाईल: वर गेलेल्या विषयांत मतदाराला फक्त आपला एक मंत्री बदलता येतो, बाकीचे 26 नाही. देशाच्या आत तोल संसदेकडून सरकारकडे झुकतो. पक्षांकडे निवडायला पर्याय कमी उरतात. आणि बदल्यात, जे निर्णय आधीच सीमेपलीकडून येत होते त्यात बसायला खुर्ची मिळते. यातलं कुठलं पारडं जड हे विषयागणिक आणि देशागणिक बदलतं. 'डेमोक्रॅटिक डेफिसिट' हा शब्द वापरा, पण कोणाची तूट आणि कुठे, हे पुढच्याच वाक्यात लिहा.

आता आपल्याकडचं. आपण कुठल्या युनियनमध्ये नाही, त्यामुळे ओढूनताणून तुलना करू नका. पण डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, आपण 1 जानेवारी 1995 पासून, पहिल्या दिवसापासून आहोत, आणि आपल्या घटनेत करार करायचं काम सरकारचं, संसदेची आधी मंजुरी लागत नाही. कलम 253 नं संसदेला नंतर त्याची अंमलबजावणी करणारा कायदा करता येतो. पेटंट कायद्यात 2005 ला बदल झाला तो आधीच दिलेल्या शब्दामुळे. आरसेप या आशियाई देशांच्या व्यापार करारातून नोव्हेंबर 2019 ला आपण बाहेर राहिलो, तोही सरकारचाच निर्णय, संसदेचं मतदान नाही. जायचं ठरलं असतं तरी तसंच झालं असतं.

देशाच्या आतलं उदाहरण हवं असेल तर जीएसटी कौन्सिल बघा. केंद्राचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. राज्यातर्फे मंत्री जातो. जाण्याआधी विधानसभेकडून मँडेट घ्यायचं असा नियम नाही. 2022 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कौन्सिलच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, पण व्यवहारात त्या पाळल्या जातात. आणि आपल्या महापालिकेचं तर तुम्हाला माहीतच आहे, आधी जकात, मग 2013 पासून एलबीटी (स्थानिक संस्था कर), मग जीएसटी आल्यावर राज्याकडून येणारं अनुदान. जकात नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा गेल्या, ते चांगलंच झालं, मी त्या रांगेत द्राक्षाचे क्रेट घेऊन थांबलोय. पण नगरसेवकाला विचारायचा एक मोठा प्रश्नही त्याच्यासोबत गेला.

आणि कांदा. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, केंद्राच्या एका नोटिफिकेशननं. खासदाराला कोणी विचारलं नव्हतं. पण 2024 च्या लोकसभेला दिंडोरीत लोकांनी राग काढला, केंद्रात राज्यमंत्री असलेल्या खासदार पडल्या, आणि कांदा हे त्यातलं मोठं कारण होतं असं लासलगावपासून पिंपळगावपर्यंत कोणीही सांगेल. ते योग्य झालं की अयोग्य हे बाजूला ठेवा. निर्णय दिल्लीत झाला तरी हिशोब मागायला इथे एक मतपेटी होती, एवढंच बघा. 2010 ला रॉटरडॅमला अडकलेल्या कंटेनरसाठी आम्हाला तशी पेटी कुठेच नव्हती, आणि नेदरलँड्सच्या नागरिकालाही अर्धवटच होती.

मामांनी तुम्हाला विचारलंय ना की पुढच्या व्यापार करारात द्राक्षाचं काय होणार हे आपण कोणाला विचारायचं. आपल्या खासदाराला लेखी प्रश्न टाकायला सांगा, अधिवेशन चालू असताना तो कुठल्याही मंत्रालयाला टाकता येतो आणि उत्तर छापील मिळतं. शिवाय वाणिज्य खात्याशी संबंधित संसदेची स्थायी समिती आहे, एखादा विषय तपासणीला घेते तेव्हा बऱ्याचदा लोकांकडून निवेदनं मागवते. भावानं आणि गावातल्या आठ-दहा बागायतदारांनी मिळून एकदा खासदारांकडे असं पत्र दिलं होतं, मसुदा मी करून दिला होता. औषधाची नावं, रिपोर्टमधले आकडे, किती माल अडकला, तारखेसह. तुम्हाला हवा असेल तर तोच नमुना पाठवतो, फक्त आकडे मामांच्या बागेचे घाला.